अ‍ॅक्वापोनिक्स करायचंय? आधी रोजच्या खाद्याचा हिशेब मांडा

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जोडप्याने विचारलंय: पुरंदर तालुक्यात आमची पाच गुंठे मोकळी जागा आहे. बोअर आहे, पण मे महिन्यात तासभर चालला तर चालला. एका प्रकल्पवाल्याने एक गुंठ्याच्या अ‍ॅक्वापोनिक्स शेडचा आराखडा दिलाय, टाकीत तिलापिया मासे आणि त्यांच्याच पाण्यावर, तरंगत्या तराफ्यांवर लेट्यूस (सॅलडचा पाला). माती नको, खत नको, नव्वद टक्के पाणी वाचतं आणि पैसे वर्षभरात वसूल, असं तो म्हणतो. हे खरं का? आणि नोकरी सोडून यात उतरावं का?

नोकरी सोडू नका. एवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. मी वाईजवळ नऊ वर्षं हे करतोय. त्यातली पहिली दोन वर्षं मासे मारण्यात आणि पानं पिवळी करण्यात गेली, तेव्हा खालचं सगळं फी भरून शिकलेलं आहे असं समजा.

कल्पना काही आभाळातून पडलेली नाही. न्हाणीघराच्या मागे, सांडपाणी जातं तिथे अळू लावायची पद्धत आपल्याकडे घरोघर होती. त्या अळूला कुणी खत घातलेलं मी पाहिलं नाही, आणि त्याच्याएवढी पानं मळ्यातल्या अळूलाही येत नसत. इथे न्हाणीच्या जागी माशांची टाकी आहे आणि पाणी वाहून न जाता परत टाकीत येतं, एवढाच फरक. पण या ‘एवढाच’मध्ये सगळी गोम आहे, कारण अळूच्या पाण्यात कुणी जगत नव्हतं.

मासा खातो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. अमोनिया साचला तर मासा मरतो. टाकीच्या भिंतीवर, खडीवर, मुळांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला विषारी. रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र मासा बराच सहन करतो आणि झाडाला ते हवंच असतं. म्हणजे तुम्ही मासे पाळता, भाजी विकता, पण दिवसरात्र सांभाळायचं असतं ते या न दिसणाऱ्या तिसऱ्या गड्याला. त्याला प्राणवायू लागतो, ऊब लागते, अंधार आवडतो आणि रोजचा शिधा ठरावीक लागतो. आज भरपूर, उद्या उपास, हे त्याला चालत नाही.

आता हिशेब. लोक विचारतात, ‘एका टाकीत मासे किती सोडायचे?’ प्रश्न उलटा आहे. रोज खाद्य किती पडणार, हे आधी ठरवायचं. अमेरिकन व्हर्जिन बेटांतल्या सेंट क्रॉय या बेटावर, जिथे गोड्या पाण्याची कायम टंचाई, तिथल्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी या विषयावर तीसेक वर्षं काम केलं. तराफ्यांच्या पद्धतीचा जो आराखडा आज जगभर वापरतात तो त्यांचा. त्यांचं गणित असं, की एक चौरस मीटर पालेभाजीला रोज ६० ते १०० ग्रॅम माशांचं खाद्य. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली छोट्या प्रकल्पांसाठी जी पुस्तिका काढली, तिच्यात पालेभाजीला ४० ते ५० आणि फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम धरलेत. दोन आकड्यांत फरक पडतो कारण रॅकोसींच्या पद्धतीत गाळ सतत बाहेर काढला जाई, त्याबरोबर खतही जाई. खडीच्या वाफ्यात गाळ तिथेच कुजतो आणि कमी खाद्यात भागतं. मी ५० धरतो.

तुमच्या त्या एक गुंठ्याला हे लावून बघू. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. टाक्या, वाटा, रोपांची जागा सोडून ६० चौरस मीटर पिकाखाली येईल. म्हणजे रोज ३ किलो खाद्य. वाढीचा मासा रोज वजनाच्या दीड-दोन टक्के खातो, म्हणजे १५० ते २०० किलो मासे सतत टाकीत हवेत. हजार लिटरला २० किलो ही गर्दी नवख्याने ओलांडू नये. तर झाल्या आठ ते दहा हजार लिटरच्या टाक्या. दीड किलो खाद्याला एक किलो वाढ धरली तर वर्षाला सातशे-सव्वासातशे किलो मासा. आणि तराफ्यावर चौरस मीटरला २० लेट्यूस धरले तर बाराशे गड्डे एका वेळी, तराफ्यावर चार आठवडे राहतात म्हणून दर आठवड्याला तीनशे.

आता डोळे मिटून स्वतःला विचारा, येत्या सोमवारी तीनशे लेट्यूस कुणाला द्याल? आणि पुढच्या सोमवारी? प्रस्तावात हा माणूस कुठे लिहिलेला आहे का बघा. माझ्या पाहण्यातले जे प्रकल्प बंद पडले, त्यातले निम्मे मासे मेल्यामुळे नाही, गिऱ्हाईक नसल्यामुळे बंद पडले.

माशांचाही भाव बघून घ्या. तरंगत्या खाद्याचा किलोचा दर घ्या, दीडने गुणा. एक किलो मासा तयार करायला नुसत्या खाद्याचाच तेवढा खर्च. वीज, बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं), मजुरी वेगळी. आणि मग उजनी धरणाकाठच्या भिगवणच्या बाजारात चिलापी (तिलापियाच ती) काय भावाने जाते ते विचारून या. उजनीत चिलापी फुकट वाढते. तिच्याशी तुमची टाकीतली तिलापिया भावात कशी टिकणार? टिकवायची तर जिवंत विकावी लागते, टाकीतून समोर काढून द्यावी लागते. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी दुचाकीवर बादली घेऊन माणसं येतात, त्यांना विकतो. व्यापाऱ्याला दिली तर खाद्याचे पैसेही निघत नाहीत. माझ्या वहीत भाजीचं उत्पन्न नेहमीच माशांच्या कितीतरी पुढे राहिलंय. मासे म्हणजे आमचा खतांचा कारखाना, वर्षातून काही वेळा दक्षिणा देणारा. श्रावणाचंही भान ठेवा. आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात जो मासा हातोहात जातो, तोच पुढचा महिनाभर टाकीत बसून तुमचं खाद्य खातो. म्हणून बोटुकली सोडण्याची तारीख मी कालनिर्णय समोर ठेवून उलटी मोजत काढतो.

कुठला मासा, याचं उत्तर कायद्यापासून सुरू होतं. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आली, तळ्याधरणांत तिने काय केलं ते आपण बघतोच आहोत. त्यामुळे आज गिफ्ट (निवड करून सुधारलेली) किंवा एकलिंगी (फक्त नरांची) तिलापिया पाळायची तर मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, आणि बीज मान्यताप्राप्त केंद्राकडूनच घ्यावं लागतं. प्रकल्पवाला ‘त्याचं काही नसतं हो’ म्हणाला तर तिथेच उठा. आणि ‘थाई मांगूर’ या नावाने जो विकतात तो आफ्रिकन मागूर. त्याच्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे. फुकट दिला तरी घेऊ नका. रोहू-कटला या पद्धतीत मला जमले नाहीत. कटला वरच्या थरातलं शेवाळ-प्लवंग टिपणारा मासा, त्याला तळं लागतं, आणि आपलं गिऱ्हाईक किलोच्या आतल्या रोहूकडे बघत नाही. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, बरा. नवख्याला मी पंगस सुचवतो: पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो वर येऊन हवा घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेली की तुम्हाला थोडी सवड मिळते. थंडी मात्र त्याला सोसत नाही. घरात मासे चालत नसतील तर कोई किंवा गोल्डफिश ठेवा. घाण तेही तितकीच करतात, आणि शोभेच्या माशांना वजनावर नाही, नगावर भाव मिळतो. आमच्या ओळखीतल्या एका शाकाहारी कुटुंबाने असंच केलंय. पुदिना आणि बेसिल विकतात आणि कोईंना नावं ठेवलीत.

वीज. यावर जरा थांबतो, कारण माझी सगळ्यात वाईट रात्र हिच्यामुळे गेली. तिसऱ्या वर्षीची गोष्ट, मे अखेर, वळवाचा पाऊस. रात्री अकराला वारं सुटलं, लाइट गेली. इन्व्हर्टर होता, ब्लोअर (पाण्यात हवा मारणारं यंत्र) त्याच्यावर टाकलेला होता, म्हणून मी झोपलो. पहाटे पाचला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज नसल्याने. पाण्यात बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनची घरघर बंद होती. टॉर्च मारला तर टाकीवर पांढरी पोटं. जे जिवंत होते ते पृष्ठभागाशी तोंडं लावून, एका लयीत ओठ हलवत होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं मी मार्चपासून विसरलो होतो. एवढंच कारण. त्या टाकीतले जवळजवळ सगळे गेले, काढायला सकाळचे दहा वाजले, आणि पेरूच्या झाडाखाली खड्डा घेताना मुलगी बाजूला उभी होती, काही न बोलता.

इतक्या लवकर का मरतात, तेही सांगतो. ३० अंशाच्या पाण्यात प्राणवायू मावतोच मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅम. हजार लिटरमध्ये २० किलो मासे असले तर ते तासाला त्यातला चार-पाच मिलिग्रॅम ओढतात. संध्याकाळी पोटभर जेवलेले असले तर जास्तच. म्हणजे हवा बंद पडल्यापासून तुमच्याकडे तास-दीड तास असतो, रात्र नसते. तेव्हापासून माझ्याकडे दोन वेगवेगळे उपाय आहेत: इन्व्हर्टरवरचा ब्लोअर, आणि वीज गेली की आपोआप चालू होणारा १२ व्होल्टचा एअर पंप, वेगळ्या बॅटरीवर. शिवाय वीज गेली की वाजणारी घंटा, उशाशी. वादळाचा अंदाज असला तर संध्याकाळचं खाद्य देत नाही. ब्लोअरला वीज फार लागत नाही. १०० वॅटचा ब्लोअर दिवसाला २.४ युनिट, २०० वॅटचा पंप ४.८ युनिट. पण ते चोवीस तास, बाराही महिने. बिलाच्या रकान्यात प्रस्तावात काय लिहिलंय ते ३० ने गुणून ताडून बघा.

पाण्याचं. तुमच्या भागातला बोअरचा नळ उघडला की बादलीला पांढरी पुटं धरतात ना, तोच तुमचा पुढचा शत्रू. माशाला पीएच ७ ते ८ बरा, जिवाणूंनाही तसाच, झाडाला मात्र ५.५ ते ६.५ हवा. तडजोड म्हणून ६.८ ते ७ धरतात. पीएच ७ असताना पाण्यातल्या एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही घातक रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच सहा-सात भाग होतो. तेच पाणी, तेवढेच मासे, विष जवळपास दहापट. आणि वरच्या पीएचला लोह असूनही झाडाला मिळत नाही. जिवाणू काम करायला लागले की पीएच आपोआप खाली यायला लागतो, पण पाण्यात बायकार्बोनेट (त्या पांढऱ्या पुटांमागचा क्षार) भरपूर असलं तर तो हलत नाही. अशा वेळी आम्ही भरणीचं पाणी वेगळ्या टाकीत घेतो, तिथे फॉस्फोरिक आम्ल घालून एक दिवस हवा मारतो आणि मग थोडं थोडं आत सोडतो. माशांच्या टाकीत आम्ल थेट ओतायचं नाही, कितीही घाई असली तरी. सगळ्यात चांगलं पाणी म्हणजे पावसाचं. शेडच्या छपराचं पाणी साठवायची सोय पहिल्या दिवशी करा, नंतर होत नाही.

खडीवरून एक आठवलं. एका मित्राने वाफ्यात सुंदर पांढरी खडी घातली, बागेत घालतात ती. सहा महिने पीएच ८.२ वरून हलेना, पालकाची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तो खतं बदलतोय, मासे बदलतोय. मी गेलो, त्याच्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर वाटीत घेतलं आणि एक खडा टाकला. फसफसला. चुनखडी होती. सगळे वाफे रिकामे करावे लागले. आपल्या खाणीची काळी खडी फुकटात बरी, ती फसफसत नाही. फक्त धुऊन घ्या, दहा-बारा पाण्यांनी, गढूळपणा जाईपर्यंत. खडी जड असते हे मात्र गच्चीवर करणाऱ्यांनी विसरू नये. आणि पाण्याच्या वाटेत कुठेही जीआय पाइप किंवा तांब्या-पितळेची जोडणी नको. जस्त आणि तांबं, दोन्ही माशांना घातक.

‘खत नको’ हे तीन चतुर्थांश खरं आहे. माशांचं खाद्य माशांसाठी बनवलेलं असतं. त्यात नत्र-स्फुरद भरपूर. पोटॅश कमी, चुना कमी, आणि झाडाला घेता येईल असं लोह जवळजवळ नाहीच. रॅकोसींच्या प्रकल्पातही हे तीन बाहेरून घालावे लागत. पीएच ६.८ च्या खाली जायला लागला की आम्ही एक दिवस कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, आणि दुसऱ्या खेपेला पोटॅशियम बायकार्बोनेट घालतो. पीएचही वर येतो आणि उणीवही भरते. लोह तीन आठवड्यांनी, लिटरला २ मिलिग्रॅम. ११ टक्क्यांचं डीटीपीए लोह असेल तर हजार लिटरला १८ ग्रॅम होतं (डीटीपीए, ईडीटीए ही लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारी संयुगं). दुकानदार ईडीटीएचा पुडा पुढे करतो, तो स्वस्त असतो. पण पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याच्यातलं लोह सुटून गंजासारखं खाली बसतं. ईडीडीएचए सगळ्यात टिकाऊ, मात्र पाणी लालसर होतं. पाहुणे घाबरतात, मासे नाही.

प्रस्तावाच्या चित्रात आणखी एक गोष्ट शोधा: माशांच्या टाकीतून पाणी थेट तराफ्याखाली जातंय, की मध्ये गाळ बसायला पिंप आहे? खाद्याच्या कोरड्या वजनाचा साधारण पाव भाग विष्ठा म्हणून बाहेर येतो. रोज ३ किलोला पाऊण किलो. हे थेट मुळांवर गेलं तर पंधरा दिवसांत पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, चिकट होतात आणि तराफा उचलला की सडक्या अंड्याचा वास येतो. दोनशे लिटरचं निळं पिंप, मध्ये उभा पाइप, पाणी मंद गोल फिरत वरून निघेल अशी सोय, खाली झडप. रोज सकाळी झडप दोन मिनिटं उघडायची. तो गाळ आमच्या आंब्याला जातो. प्लास्टिकची स्वस्त टाकी म्हणून रसायनांची जुनी घेऊ नका. आत पूर्वी काय होतं हे विकणारा खात्रीने सांगू शकत नसेल तर सोडून द्या.

कीड आली तर हात बांधलेले असतात. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशांना इतकी मारक, की शेजारच्या टोमॅटोवर फवारणी चालू असताना वाऱ्याची दिशा बघून शेडचे पडदे पाडावे लागतात. साबणाचं पाणीसुद्धा टाकीत गेलं तर कल्ले जळतात. ‘नैसर्गिक’ म्हणून निंबोळी अर्क बिनधास्त मारू नका. मावा दिसला की मी पान तोडतो, पिवळे चिकट सापळे लावतो, अळीला बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) मारतो तेही तराफा उचलून बाजूला नेऊन. दारातल्या जाळीचे दोन दरवाजे हा मला वाटतं सगळ्यात उपयोगी खर्च.

पिकांबद्दल प्रकल्पवाल्यांना लेट्यूसचं काय वेड आहे कळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान येतं. एप्रिलमध्ये शेडनेटखालीसुद्धा ते उंच सुटतं, तुरा धरतं आणि कडू होतं; पाणी थंड करायचं यंत्र लावलं तर वीजबिल बघून तुम्ही कडू व्हाल. हिवाळ्यात उलटं होतं. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री पाणी १७-१८ अंशांवर येतं, तिलापिया खायचं टाकते, जिवाणू मंदावतात, आणि नेमकं लेट्यूसला तेव्हाच खायचं असतं. म्हणून आम्ही मोसमाप्रमाणे फिरतो. उन्हाळ्यात बेसिल, अंबाडी, माठ. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पुदिना आणि अळू. अळूला मी सगळ्यात वरचा नंबर देईन. गाळपिंपाच्या शेजारच्या वाफ्यात एकदा लावलं की ते तुमच्याकडे काही मागत नाही, आणि गणपतीच्या दिवसांत पानं आदल्या रात्रीच बोलून ठेवावी लागतात. मेथीची जुडी करायचा प्रयत्न केला, परवडलं नाही. टोमॅटोला सहा महिने तरी हात लावू नका. तोपर्यंत पाण्यात पोटॅश-चुन्याची बेगमी झालेली नसते आणि फळाचं बूड काळं पडतं.

आता तुमच्या मूळ शंका. नव्वद टक्के पाणी वाचतं हे पाट सोडून भिजवणाऱ्या शेताच्या तुलनेत पटण्यासारखं आहे. पाणी फिरत राहतं, रोज एक ते तीन टक्के भर घालावी लागते. दहा हजार लिटरला शंभर ते तीनशे लिटर. तुमच्या तासभराच्या बोअरला हे झेपेल, हा या पद्धतीचा खरा मोठेपणा आणि दुष्काळी तालुक्यात मी तो कमी लेखणार नाही. पण ठिबकवाल्या शेजाऱ्याशी तुलना केली तर फरक बराच कमी होतो, आणि भरणीचं पाणी खारं असेल तर मीठ आत साचत जातं, कारण पाणी उडतं, सोडियम उडत नाही. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर सोडियम गेलं की झाडाला पोटॅश-चुना घ्यायला अडचण येते, मग काही पाणी काढूनच टाकावं लागतं.

पर्यावरणपूरक म्हणाल तर खाद्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचा. त्यात सोयापेंड असते, बऱ्याचदा समुद्रातल्या बारक्या माशांची पूडही. म्हणजे माती लागत नाही असं नाही, ती कुठेतरी दुसरीकडे लागते. माझ्याकडे दोन उथळ टाक्यांत अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) आहे, तिलापिया ते आवडीने खाते आणि विकतचं खाद्य थोडं वाचतं. थोडंच. अझोल्यावरच सगळं भागवतो म्हणणाऱ्याच्या माशांचं वजन विचारून बघा.

तर काय करा. या दिवाळीनंतर एक हजार लिटरची टाकी, एक गाळपिंप, तीन-चार चौरस मीटरचा खडीचा वाफा, एक पंप, एक ब्लोअर, बॅटरी, आणि अमोनिया-नायट्राइट-पीएच तपासायचा संच. मासे लगेच आणू नका. हजार लिटरला ७-८ ग्रॅम शुद्ध नवसागर घाला. हो, कल्हईवाला वापरायचा तोच, अमोनियम क्लोराइड. फक्त बाजारातला भेसळीचा खडा नको, प्रयोगशाळेच्या दुकानातून घ्या. रोज तपासत राहा. आधी अमोनिया चढलेला दिसेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. ज्या आठवड्यात घातलेला नवसागर दुसऱ्या दिवशी संचात सापडत नाही आणि नायट्राइटही शून्य येतं, त्या आठवड्यात वीस-पंचवीस बोटुकल्या आणा. याला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. दुकानात जिवाणूंची बाटली मिळते. त्यापेक्षा चालू प्रकल्पातली मूठभर ओली खडी मला जास्त खात्रीची वाटते. हवी तर माझ्याकडून न्या.

बोटुकल्या आल्या की खाद्य देताना पाच मिनिटं तिथे उभं राहायचं, मोबाईल खिशात ठेवून. पाणी उसळतंय का, की मासे खालीच आहेत? दहा-पंधरा मिनिटांनी जे तरंगत राहील ते जाळीने काढायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी द्यायचं. मासे खात नाहीत याचा अर्थ त्यांना काहीतरी सांगायचंय. संच त्याच क्षणी काढा. नायट्राइट सापडलं तर खाद्य बंद, आणि हजार लिटरला एक किलो साधं, आयोडीन नसलेलं मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यातून नायट्राइटला आत शिरू देत नाही. पालकाला एवढं मीठ थोडे दिवस चालतं, मग वर सांगितलं तसं काही पाणी काढून टाकायचं. स्ट्रॉबेरी लावली असेल तर ती गेली म्हणून समजा.

या छोट्या मांडणीत मासे मोठे झाले की दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम खाद्य जाईल, घरची आणि शेजाऱ्यांची भाजी निघेल, आणि पूर्ण वर्ष, म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा, एक थंडी तुमच्या हाताखालून जाईल. दोघंही पुण्यात असाल तर जागेवर राहणारं कुणीतरी लागेल. शनिवार-रविवारचा हा धंदा नाही. त्या वर्षात अनुदानाची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करून ठेवा. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद होती, तेव्हा ती अजून चालू आहे का आणि अर्ज वहिनींच्या नावाने करता येतो का ते विचारा. अनुदान मिळतं म्हणून शेड मोठी करू नका. तीनशे लेट्यूसचं गिऱ्हाईक कार्यालय देत नाही.

तो प्रस्ताव तोवर कपाटात राहू दे. त्याआधी बोअरचं पाणी मे महिन्यातलं घेऊन, पावसाळ्यातलं नाही, तपासून आणा. पीएच, ईसी (पाण्यातले एकूण क्षार दाखवणारा आकडा) आणि सोडियम हे तीन आकडे कळवलेत की पंगस की सायप्रिनस ते सांगतो.